लडलोचा खड्डा आणि आयव्ही ली यांची पत्रके

मंडळी, आजचा धागा जरा लांबणार आहे. सवडीने वाचा.

समजा, कोणी आपल्या हाती एक आकडा दिला. आपण तो पडताळून पाहिला नाही. सफाईदार भाषेत बसवून तो हजारो लोकांपर्यंत पोहोचवला, आणि पुढे तो खोटा निघाला. मग खोटे कोण बोलले? आकडा देणारा की पोहोचवणारा?

फॉरवर्ड केलेल्या संदेशांच्या काळात हा प्रश्न आपल्याला आजचा वाटतो. परंतु जानेवारी १९१५ मध्ये न्यूयॉर्क येथे एका सरकारी चौकशी आयोगाने एका माणसाला जवळजवळ हाच प्रश्न विचारला होता. त्या माणसाचे नाव आयव्ही लेडबेटर ली. आधुनिक जनसंपर्क व्यवसायाच्या जनकांमध्ये त्यांची गणना होते आणि या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या काही पानांतच त्यांचा उल्लेख येतो. त्यांनी दिलेले उत्तर मात्र पुष्कळदा सांगितले जात नाही. त्या उत्तरासाठीच हा धागा.

ली यांचा जन्म १८७७ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात झाला. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. प्रिन्स्टन विद्यापीठात शिक्षण घेतल्यानंतर ली यांनी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत बातमीदार म्हणून काही वर्षे काढली. बातमी कशी शिजते, संपादकाला काय हवे असते, छापखान्याची घाई कशी असते, हे त्यांनी आतून पाहिले होते. पुढे जॉर्ज पार्कर यांच्या भागीदारीत त्यांनी प्रसिद्धीचे कार्यालय थाटले.

तो काळ बड्या उद्योगपतींवर लोकांचा रोष असण्याचा होता. १८८२ मध्ये रेल्वेसम्राट विल्यम व्हँडरबिल्ट यांनी ‘जनता गेली खड्ड्यात’ अशा अर्थाचे उद्गार काढले आणि ते त्यांना आयुष्यभर चिकटले. आयडा टारबेल यांनी स्टँडर्ड ऑइल कंपनीचा इतिहास लिहून थोरल्या रॉकफेलर यांच्या व्यवहारांवर प्रकाश टाकला. मासिकांतून रोज नवे गौप्यस्फोट होत. मालक मंडळींचे यावरचे उत्तर एकच होते, ते म्हणजे मौन. वार्ताहर दिसला की दार बंद.

या मौनाची किंमत पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींच्या मालकांनी १९०२ च्या संपात मोजली. कामगारांचे नेते जॉन मिचेल पत्रकारांशी मोकळेपणाने बोलत आणि मालकांचे म्हणणे कोणाला कळतच नसे. म्हणून १९०६ मध्ये पुन्हा संपाची चिन्हे दिसू लागताच मालकांनी ली यांना नेमले. याच वेळी ली यांनी वृत्तपत्रांच्या संपादकांकडे एक छोटे निवेदन पाठवले. ‘तत्त्वांची घोषणा’ या नावाने ते पुढे प्रसिद्ध झाले.

त्यात काय होते हे नीट लक्षात घ्या, कारण पुढची सारी गोष्ट त्यावर उभी आहे. त्याचा आशय असा: हे गुप्त कार्यालय नाही, आमचे काम उघड चालते. आम्ही बातमी पुरवतो, जाहिरात नव्हे. मजकूर जाहिरातीसारखा वाटला तर वापरू नका. आम्ही देतो ती माहिती अचूक असेल. कोणत्याही विधानाची थेट पडताळणी करू इच्छिणाऱ्या संपादकाला आम्ही आनंदाने साहाय्य करू. आणि आम्ही कोणाच्या वतीने बोलत आहोत, हे विचारताच सांगू.

पडताळणीत साहाय्य करू आणि कोणाच्या वतीने बोलतो ते सांगू, ही दोन वचने मनात ठेवा.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस पेनसिल्व्हेनिया रेल्वेची एक गाडी अटलांटिक सिटीजवळ पुलावरून पाण्यात कोसळली आणि ५० हून अधिक माणसे दगावली. रेल्वे कंपन्यांची जुनी रीत अपघात दडपण्याची होती. ली यांनी कंपनीच्या वतीने निवेदन काढले आणि हाती असलेली माहिती वार्ताहरांना पुरवली. हे निवेदन वृत्तपत्रात छापले गेले. आजच्या अर्थाने पहिले प्रसिद्धिपत्रक म्हणून अनेकजण त्याकडे बोट दाखवतात. पहिले असो वा नसो, त्या काळी ही गोष्ट धाडसाची होती, आणि ली यांच्या बाजूने जे काही म्हणता येईल त्यात हिला वरचे स्थान द्यायला हवे.

येथवरचा माणूस मला आवडतो. आता कोलोरॅडोकडे वळू.

कोलोरॅडो राज्याच्या दक्षिणेस कोळशाच्या खाणी होत्या. त्यांतील सर्वांत मोठी कंपनी कोलोरॅडो फ्युएल अँड आयर्न. तिचे सुमारे ४० टक्के समभाग रॉकफेलर कुटुंबाकडे होते. खाणकामगार ग्रीक, इटालियन, स्लाव्ह, मेक्सिकन, अशा अनेक देशांतून आलेले. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, डॉक्टर कंपनीचा, शाळेवर अंमल कंपनीचा. मजुरी काढलेल्या कोळशाच्या वजनावर मिळे, आणि ते वजन करणारा माणूसही कंपनीचाच. छताला टेकू देणे, रूळ टाकणे अशा कामांत दिवस गेला तर त्याचे दाम शून्य.

२३ सप्टेंबर १९१३ रोजी संप सुरू झाला. मागण्या काय होत्या? आठ तासांचा दिवस, वजन तपासण्यासाठी कामगारांनी निवडलेला माणूस, कोणत्याही दुकानात खरेदी करण्याची मोकळीक आणि संघटनेला मान्यता. यांपैकी कित्येक गोष्टी राज्याच्या कायद्याने आधीच दिलेल्या होत्या, केवळ पाळल्या जात नव्हत्या. कंपनीने संपकऱ्यांना घरांतून बाहेर काढले. संघटनेने माळरानावर तंबू उभारले. लडलो येथील वस्ती त्यांतली सर्वांत मोठी. सुमारे १,२०० माणसांनी कोलोरॅडोचा तो हिवाळा कापडाखाली काढला. गोळीबाराची धास्ती असे, म्हणून कित्येक कुटुंबांनी तंबूच्या खाली जमिनीत खड्डे खणून ठेवले होते.

६ एप्रिल १९१४ रोजी धाकटे रॉकफेलर वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या उपसमितीपुढे साक्षीला उभे राहिले. संघटनेला मान्यता न देणे हे त्यांनी एक महान तत्त्व ठरवले आणि त्यासाठी सारी मालमत्ता गमवावी लागली तरी चालेल अशी भूमिका घेतली. कोलोरॅडोत ते दहा वर्षांत गेले नव्हते.

दोन आठवड्यांनी, २० एप्रिलला, राज्याच्या नॅशनल गार्डने लडलोच्या तंबूंवर मशीनगन चालवल्या. आदल्याच दिवशी वस्तीतल्या ग्रीक कुटुंबांचा ईस्टर साजरा झाला होता. दिवसभर गोळीबार चालला आणि संध्याकाळी तंबूंना आग लागली. ग्रीक कामगारांचे पुढारी लुई टिकास ताब्यात असताना त्यांच्या डोक्यात बंदुकीचा दस्ता घातला गेला आणि नंतर ते पाठीत गोळ्या लागून मेलेले आढळले. दुसऱ्या दिवशी राखेखालच्या एका खड्ड्यात २ स्त्रिया आणि ११ मुले गुदमरून मेलेली सापडली. मेरी पेत्रुच्ची ही तरुण आई त्या खड्ड्यातून जिवंत बाहेर आली. तिची तिन्ही मुले आतच राहिली.

नंतरचे दहा दिवस सशस्त्र कामगारांनी खाणींवर हल्ले केले. शेवटी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना केंद्राचे सैन्य धाडावे लागले. न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलर यांच्या कचेरीसमोर निदर्शने सुरू झाली. अशा वेळी धाकट्या रॉकफेलर यांनी आयव्ही ली यांना बोलावले. ली तेव्हा पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या सेवेत होते. तेथील काम सांभाळून हे काम करण्याचे त्यांनी मान्य केले. मोबदला दरमहा १,००० डॉलर.

ली यांनी सुरू केलेल्या पत्रकमालिकेचे नाव होते ‘कोलोरॅडोतील औद्योगिक स्वातंत्र्याच्या लढ्यासंबंधीची तथ्ये’. या नावातला ‘तथ्ये’ हा शब्द विसरू नका. १९१४ च्या उन्हाळ्यात ही पत्रके संपादक, लोकप्रतिनिधी, धर्मगुरू, शिक्षक अशा वजनदार मंडळींना टपालाने जाऊ लागली.

आता १९०६ च्या वचनांशी ताडून पाहू.

पत्रकांवर नाव कोलोरॅडोच्या खाणमालकांच्या समितीचे असे. मजकूर मात्र तयार होई तेथून दीड हजार मैलांहून दूर, फिलाडेल्फियात, ली यांच्या टेबलावर. वाचणाऱ्याला वाटे की खाणीजवळचा कोणी जाणता माणूस बोलतो आहे. लिहिणारा रॉकफेलर यांच्या पैशावर लिहितो आहे, हे पत्रकात कोठेही नव्हते. ‘आमचे काम उघड चालते’ या वाक्याची शाई वाळून जेमतेम आठ वर्षे झाली होती. राज्याच्या गव्हर्नरांनी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना पाठवायच्या पत्राचा मसुदाही ली यांच्याकडून गेला होता, हे नंतर उघड झाले.

एका पत्रकात लडलोच्या घटनेचे वर्णन होते. ते देणाऱ्या बाई ‘लॉ अँड ऑर्डर लीग’ या संघटनेच्या उपाध्यक्षा. वाचताना त्या प्रत्यक्षदर्शी असाव्यात असा समज होई, पण त्यांनी ती लढाई पाहिलेली नव्हती. त्यांचे पती कोळशाच्या वाहतुकीवर कमावणाऱ्या रेल्वेचे अधिकारी होते, हाही तपशील गाळलेला. आग सैनिकांनी लावली नसून कलंडलेल्या शेगडीमुळे लागली असावी, असेही या प्रचारातून सुचवले गेले.

सर्वांत बोलके उदाहरण पगाराच्या आकड्यांचे आहे. संघटनेचे पुढारी संपाच्या जिवावर गब्बर होत आहेत, असे एका पत्रकाने आकडेवारीनिशी मांडले. फ्रँक हेज या पदाधिकाऱ्याला नऊ आठवड्यांत ४,००० डॉलरहून अधिक मिळाले. मदर जोन्स यांना दिवसाला ४२ डॉलर. मदर जोन्स म्हणजे काळ्या पोशाखात देशभर फिरून खाणकामगारांना संघटित करणाऱ्या वृद्ध आयरिश बाई. खाणकामगाराला दिवसभर राबून हाती येत त्यापेक्षा कितीतरी पट ही रक्कम होती. वाचणाऱ्याचे मत एका ओळीत फिरावे असा हा मजकूर.

हे आकडे काल्पनिक नव्हते. ते संघटनेच्या स्वतःच्या हिशेबातून घेतले होते. फक्त ते संपूर्ण वर्षाचे होते, आणि हेज यांच्या रकमेत पगाराबरोबर प्रवास आदी खर्चही धरलेला होता. वर्षाची रक्कम नऊ आठवड्यांवर वाटली की दिवसाचा दर आपोआप पाच-सहापट होतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही लबाडी सर्वांत जास्त सतावते, कारण कागद खरा आहे, रक्कम खरी आहे, बेरीजही खरी आहे. खोटा आहे तो फक्त कालावधी. चूक ध्यानात आल्यावर दुरुस्ती निघाली, पण बऱ्याच महिन्यांनी. तोवर संप कोलमडला होता. डिसेंबर १९१४ मध्ये संघटनेने तो मागे घेतला.

मदर जोन्स यांच्याबाबत आणखी एक गोष्ट झाली. त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारा एक जुना, पुराव्याविना आरोप कोलोरॅडोच्या एका संसद सदस्याने सभागृहात वाचून दाखवला होता. ते भाषण संसदेच्या कामकाजात छापले गेले, आणि ली यांच्याकडून त्याच्या प्रती वाटल्या गेल्या. विचाराल तर, आरोप आमचा नाही, आम्ही सरकारी छापील कामकाज वाटतो आहोत. आजही ही युक्ती तुम्ही ओळखाल.

औद्योगिक संबंध आयोगाचे अध्यक्ष फ्रँक वॉल्श हे कॅन्सस सिटीचे वकील होते. उलटतपासणीत मुरलेले. जानेवारी १९१५ मध्ये त्यांनी ली यांना साक्षीला बोलावले. कोलोरॅडोच्या मालकांनी दिलेली माहिती खरी आहे की नाही, हे जाणून घेण्यासाठी तुम्ही स्वतः कोणता प्रयत्न केलात, असा प्रश्न होता. ली यांनी उत्तर दिले की कोणताही नाही. मालकांनी जे दिले ते आपण त्यांचे म्हणणे म्हणून चांगल्या रूपात मांडले, एवढीच आपली भूमिका असल्याचे त्यांनी सांगितले.

या उत्तराकडे थोडे थांबून पाहू या. ली येथे खोटे बोलत नाहीत. शपथेवर ते अगदी खरे सांगत आहेत. त्यांची समजूत अशी दिसते की वकील जसा अशिलाची बाजू मांडतो तसे आपण पक्षकाराची बाजू मांडतो, आणि अशिलाच्या खरेपणाचा भार वकिलावर नसतो. युक्तिवाद वरवर पटण्याजोगा आहे. पण न्यायालयात समोर दुसरा वकील असतो, न्यायाधीश असतो, आणि हा माणूस कोणाचा वकील आहे ते सर्वांना ठाऊक असते. लडलोच्या राखेत बसलेल्या कुटुंबांकडे टपालयादी नव्हती. पत्रक वाचणाऱ्या धर्मगुरूला कोणाचा वकील बोलतो आहे हे ठाऊक नव्हते. शिवाय पडताळणीला मदत करण्याचे वचन स्वतः ली यांनी दिले होते. ज्याने स्वतःच पडताळले नाही, तो दुसऱ्याला पडताळायला काय मदत करणार?

माझ्या मते ली यांचा दोष असत्य बोलण्याचा नव्हे. खरे काय ते कळू नये अशी जागा त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवली. कोलोरॅडोला जाऊन तंबूवस्तीतल्या एका माणसाशी बोलले असते, तर पुढचे पत्रक लिहिताना हात अडखळला असता. न गेल्यामुळे मन निर्मळ राहिले आणि दरमहा १,००० डॉलरही आले.

येथे मी थोडे स्वतःविषयी सांगते, नाहीतर हे सारे फार वरून बोलल्यासारखे होईल. पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षी खोलीचे भाडे निघावे म्हणून मी काही आठवडे एका प्रसिद्धी संस्थेसाठी मजकूर लिहीत होते. एका शिकवणी वर्गाचे पत्रक माझ्याकडे आले. यशस्वी विद्यार्थ्यांचा आकडा त्यांनीच दिला होता. मी त्यावर झकास शीर्षक दिले, ‘यंदा’ हा शब्दही मीच घातला, आणि कोणी हरकत घेतली नाही. छापून आल्यावर सहज बोलताना कळले की तो आकडा अनेक वर्षांचा मिळून होता. मी गप्प राहिले. पैसे मिळाले होते आणि तो मजकूर कोणाच्या आईवडिलांनी वाचून फी भरली असेल, हा विचार मी मुद्दामच लांबवला. पुढे ग्रंथालयात लडलोविषयी वाचताना नऊ आठवड्यांचा तो हिशेब समोर आला, तेव्हा मला माझे ‘यंदा’ आठवले. या धाग्याचे मूळ तेथे आहे.

असो. पुढे काय झाले?

लोकांनी ली यांना सोडले नाही. कवी कार्ल सँडबर्ग यांनी मार्च १९१५ मध्ये समाजवाद्यांच्या एका वृत्तपत्रात त्यांना सरळ भाडोत्री खोटारडा म्हटले. कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर यांनी त्यांच्या नावावर श्लेष केला. ‘पॉयझन आयव्ही’ ही अंगाला खाज आणणारी एक विषारी वेल. ते टोपणनाव ली यांना मरेपर्यंत चिकटून राहिले.

या पत्रकांची चिरफाड करणारा एक लेख नोव्हेंबर १९१४ मध्ये जॉर्ज क्रील या पत्रकाराने लिहिला होता. लोकमतात विष कालवणाऱ्यांवर त्यात कडाडून टीका आहे. गंमत अशी की १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरल्यावर सरकारने प्रचारासाठी जी समिती नेमली, तिचे प्रमुख हेच क्रील झाले. त्यांच्यावर एक वेगळा धागा होईल.

ली यांच्या बाजूचेही ऐकून घ्यायला हवे. रॉकफेलर यांना त्यांनी पुढे दिलेला सल्ला केवळ रंगरंगोटीचा नव्हता. लोकांना तुमचे वागणे आवडत नसेल तर वागणे बदला, असे ते म्हणत. सप्टेंबर १९१५ मध्ये धाकटे रॉकफेलर कोलोरॅडोला गेले, खाणीत उतरले, कामगारांच्या घरी जेवले, त्यांच्या बायकांबरोबर नाचले. पुढे कॅनडाचे पंतप्रधान झालेले मॅकेंझी किंग यांनी आखलेली कामगार प्रतिनिधित्वाची योजनाही लागू झाली. राहणीमानात काही सुधारणा खरोखर झाल्या. मात्र ती प्रतिनिधी मंडळे कंपनीच्याच छत्राखालची होती. स्वतंत्र संघटनेला मान्यता मिळाली नाही, आणि कंपनीच्या मुठीतल्या अशा संघटनांना १९३५ च्या वॅग्नर कायद्याने अखेर बेकायदा ठरवले.

नंतरच्या भाषणांत ली यांनी आपल्या भूमिकेला तात्त्विक बैठकही दिली. निखळ तथ्य सांगणे मानवाला शक्यच नाही, प्रत्येकजण तथ्याचा आपला अर्थच तेवढा सांगू शकतो, असा तिचा सारांश. इतिहासलेखनाच्या वर्गात हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी वेगळ्या संदर्भात ऐकले आहे, आणि मान डोलावली आहे. तरीही वर्षाची रक्कम नऊ आठवड्यांची म्हणून छापणे याला अर्थनिर्णयन म्हणता येत नाही.

शेवटचा अंक जर्मनीतला. हिटलर सत्तेवर आल्यानंतर तेथील आय. जी. फार्बेन या अवाढव्य रसायन उद्योगाने ली यांचा सल्ला घेतला. वर्षाचा मोबदला २५,००० डॉलर. त्यांचा मुलगा बर्लिनमध्ये बसून काम पाहत होता. १९३४ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने ली यांना पुन्हा साक्षीला बोलावले. अमेरिकेतील जनमत जर्मनीविषयी काय विचार करते आणि ते कसे सुधारता येईल, यावर आपण कंपनीला सल्ला दिला, हे त्यांनी मान्य केले. ज्यूंना दिलेली वागणूक अमेरिकी माणसाला कधीच पटणार नाही, हेही आपण जर्मनांना बजावले होते, असे त्यांचे सांगणे होते. हिटलर आणि गोबेल्स यांना आपण भेटलो होतो, हेही त्यांनी सांगितले.

साक्ष जाहीर झाली आणि वृत्तपत्रांनी त्यांना धारेवर धरले. त्यांनी प्रत्यक्ष नाझी प्रचार अमेरिकेत वाटल्याचा पुरावा पुढे आला नाही. पण वीस वर्षांपूर्वीची तीच खोड येथेही दिसते. पक्षकार कोण आहे आणि आपल्या सल्ल्याचा उपयोग कशासाठी होणार आहे, यांतल्या दुसऱ्या प्रश्नाकडे पाठ. ९ नोव्हेंबर १९३४ रोजी मेंदूतील गाठीने त्यांचा मृत्यू झाला. वय ५७. परकीय सत्तेसाठी अमेरिकेत काम करणाऱ्याने आपले नाव आणि पक्षकार सरकारदरबारी नोंदवावा, असा कायदा १९३८ मध्ये आला. त्यामागच्या वातावरणात या चौकशीचाही वाटा होता. ‘कोणाच्या वतीने बोलतो ते सांगू’ हे ली यांचे जुने वचन आता सक्तीचे झाले.

व्यवसायानेही आपली आचारसंहिता हळूहळू घडवली. आंतरराष्ट्रीय जनसंपर्क संघटनेने १९६५ मध्ये ग्रीसमध्ये ‘अथेन्स संहिता’ स्वीकारली. सत्याला इतर गरजांच्या मागे ढकलू नये, आणि सिद्ध झालेल्या व पडताळता येणाऱ्या तथ्यांवर आधारलेली नसेल अशी माहिती प्रसृत करू नये, अशी कलमे तिच्यात आहेत. दुसरे कलम पुन्हा वाचा. त्यात केवळ ‘खोटे बोलू नका’ म्हटलेले नाही. पडताळण्याचा भार ते पाठवणाऱ्याच्या खांद्यावर टाकते. वॉल्श यांच्या प्रश्नाला ली यांनी दिलेले उत्तर या कलमाखाली थेट गुन्हा ठरते.

भारतातील जनसंपर्क व्यावसायिकांच्या संघटनेने ही संहिता २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीच्या अधिवेशनात स्वीकारली, आणि म्हणून आपल्याकडे २१ एप्रिल हा राष्ट्रीय जनसंपर्क दिन मानला जातो. लडलोचा तो खड्डा उघडला गेला तोही २१ एप्रिललाच. हा निव्वळ योगायोग, त्यातून काही सिद्ध होत नाही. मी फक्त माझ्या कॅलेंडरवर दोन्ही नोंदी एकाच चौकटीत केल्या आहेत.

ली यांचे कागद आता प्रिन्स्टनच्या ग्रंथालयात आहेत, अभ्यासकांसाठी खुले. लडलोची जमीन खाणकामगार संघटनेने विकत घेतली आणि १९१८ मध्ये तेथे दगडी स्मारक उभारले. २००९ मध्ये त्या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. स्मारकावर मृतांची नावे कोरलेली आहेत. त्याच्या शेजारी जमिनीत एक पोलादी झाकण आहे. ते उचलले की खाली उतरायला पायऱ्या लागतात.